भाऊसाहेबांचा जमाखर्च

सदाशिवरावभाऊंची आठवण आपल्या घराघरांतून निघते ती बहुधा संक्रांतीच्या सुमारास, आणि निघते ती त्यांच्या शेवटच्या प्रहराची. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले, एवढे चित्र शाळकरी पोरालाही ठाऊक असते. भाऊगर्दी हा शब्द तर आपल्या जिभेवर इतका रुळला आहे की तो उच्चारताना पानिपत आठवतेच असे नाही. परंतु ज्यांची ही अखेर झाली ते गृहस्थ त्या दिवशी पुरते साडेतीस वर्षांचेही नव्हते, आणि आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्यांनी तलवारीपेक्षा दौत-लेखणीच्या संगतीत अधिक काढली होती. मला आज लिहायचे आहे ते या दुसऱ्या भाऊसाहेबांविषयी. पानिपतची लढाई आपण आवडीने वाचतो; तिच्या आधीची येणेबाकी कंटाळवाणी म्हणून ओलांडून जातो. माझ्या मते लढाईचा निम्मा निकाल त्या येणेबाकीतच लागून चुकला होता.

वसई सर करणाऱ्या चिमाजीअप्पांचे हे चिरंजीव. १७३० च्या ऑगस्टात जन्म झाला आणि महिना उलटतो न उलटतो तोच आई रखमाबाई गेल्या. पुढे १७४० साली पेशव्यांच्या घरावर एकापाठोपाठ दोन घाव पडले. एप्रिलात थोरले बाजीराव गेले आणि डिसेंबरात चिमाजीअप्पा. दहा वर्षांच्या पोरक्या मुलाला आजी राधाबाईंनी सांभाळले. साताऱ्यास रामचंद्रबाबा सुखटणकरांच्या हाताखाली त्यांनी राजकारणाचे आणि हिशेबाचे धडे घेतले. रामचंद्रबाबा मोठा धोरणी माणूस. शिष्यात पराक्रमाबरोबर जी कागदाची करडी नजर उतरली ती या गुरूची देणगी असावी.

१७४६-४७ मध्ये महादोबा पुरंदऱ्यांबरोबर भाऊंनी कर्नाटकची पहिली स्वारी केली. १७५० मध्ये सांगोल्यास यमाजी शिवदेवाचे बंड मोडले, आणि तिथेच झालेल्या करारानंतर राज्याचा कारभार साताऱ्याहून खऱ्या अर्थाने पुण्यास आला. त्याच वर्षी भाऊंनी दिवाणगिरी मागितली. नानासाहेब कचरले, कोल्हापूरकर छत्रपतींनी भाऊंना आपली पेशवाई देऊ केली, घर फुटण्याची वेळ आली. अखेर महादोबांनी समजूतदारपणे बाजू दिली आणि भाऊ कारभारी झाले. तेव्हापासून पुण्याच्या खजिन्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे.

आता हा कारभार म्हणजे काय होता, हे समजून घेतल्यावाचून पुढचे उमजणार नाही. मराठी राज्याला आपण सवयीने साम्राज्य म्हणतो. हिशेबाच्या दृष्टीने ते एक भागीदारीचे मंडळ होते. चौथाईच्या दर शंभर रुपयांतील पंचवीस राजबाबती म्हणून छत्रपतींचे, सहा सहोत्र्याचे, तीन नाडगौडीचे, आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांचे. सरदाराने सरंजामातून फौज ठेवावी, हुजुरातून बोलावणे आले की ती घेऊन यावे, आणि खर्च वजा जाता उरेल ते पुण्यास भरावे, असा रिवाज. कागदावर व्यवस्था नामी होती. अडचण एवढीच की उरत काहीच नसे. प्रत्येकाच्या हिशेबात फौजेचा आकडा फुगलेला, वसुलाचा आकडा आक्रसलेला. आपल्या नगरातील जुन्या घराण्यांपैकी पुष्कळांचे मूळ पुरुष शिंदे, होळकर, गायकवाड, पवार यांपैकी कोणाच्या तरी पागेतून किंवा दफ्तरातून आले. तेव्हा यात कोणाचा उपमर्द नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. भाऊसाहेब असले हिशेब परत पाठवीत. सरदारांत ते अप्रिय झाले ते रणांगणावरील हट्टामुळे नव्हे, या खोड्या काढण्यामुळे.

बाहेरच्यांकडील येणे त्याहून अवघड. १७५२ च्या वसंतात वजीर सफदरजंगाने बादशहातर्फे शिंदे-होळकरांशी एक अहदनामा केला. घरच्या आणि परक्या शत्रूंपासून मराठ्यांनी बादशाहीचे रक्षण करावे. त्याबद्दल पन्नास लाख रुपये मिळावेत, त्यातले तीस लाख अब्दालीच्या निवारणासाठी. शिवाय पंजाब-सिंधची चौथाई आणि आग्रा-अजमेरचे सुभे. आजच्या भाषेत याला सामुदायिक संरक्षणाचा करार म्हणता येईल. रक्षणाची जबाबदारी आपण शिरावर घेतली; पैसा ठरल्याप्रमाणे कधीच हाती आला नाही. इकडे बादशहाने तर हा करार पुरा होण्याआधीच लाहोर-मुलतान अब्दालीला देऊन टाकले होते. जबाबदारी मात्र मागे राहिली, आणि तीच पुढे आठ-नऊ वर्षांनी पानिपतावर उभी राहिली.

त्यानंतर राघोबादादांची १७५७-५८ ची स्वारी. मराठी घोडी अटकेपर्यंत गेली, हा आपला अभिमानाचा विषय. भाऊंच्या वहीत ती स्वारी वेगळ्या शाईने लिहिलेली होती. मुलूख जिंकून दादा परतले ते, ग्रँट डफने नोंदल्याप्रमाणे, ऐंशी लाखांचे कर्ज घेऊन. भाऊंनी जाब विचारला, दादा चिडले, आणि पुढच्या वेळी ज्याला हिशेब कळतो त्यानेच जावे, अशा अर्थाचे काही बोलून गेले. घरातले ते कुरबुरीचे वाक्य काय भाव घेऊन बसले ते पुढे दिसलेच.

मी मूळचा मादन हिप्परग्याचा, आळंद तालुक्यातला. आमच्या गावाच्या उत्तरेस औसा, त्याच्या पलीकडे ईशान्येस उदगीर. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. भाषावार रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि आमचा आळंद म्हैसुरात. कानडी, मराठी आणि दखनी एकाच पारावर नांदणारा हा सगळा टापू १९४८ पर्यंत निजामाचा. पण त्याच्या उत्तर अंगाला एकदा भाऊसाहेबांची छावणी पडली होती, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत निर्मळ विजय त्यांना इथे मिळाला. १७५९ च्या नोव्हेंबरात त्यांनी अहमदनगरचा किल्ला किल्लेदाराला पैसे देऊन, रक्त न सांडता घेतला. मग सलाबतजंग आणि निजामअली यांची फौज उदगिरीकडून धारूरकडे सरकत असता तिला वाटेतच घेरले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी ३ फेब्रुवारी १७६० रोजी निजामाचा व्यूह फोडला. तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख, दौलताबाद, असीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठाणी पदरात पडली. खर्च थोडा, प्राप्ती मोठी, आणि ठरले ते ताबडतोब लिहून घेतलेले. हिशेबी माणसाची ही लढाई. उदगीर दक्षिणेत होते. पुण्याची रसद पाठीशी होती, शत्रूचा मुलूख हाताशी होता, कोणाच्या भरण्याची वाट पाहायची नव्हती. एवढे सगळे उत्तरेत उलटे होते.

कारण तोवर दत्ताजी शिंदे १० जानेवारीस बुराडी घाटावर पडले होते. ती बातमी उदगिरीच्या विजयावर येऊन आदळली. मार्चात परतूरच्या छावणीत मसलत बसली. दादांच्या मागील कर्जाचा विषय ताजा होता, म्हणून उत्तरेची मोहीम भाऊंकडे आली. नावाला सरदारी अठरा वर्षांच्या विश्वासरावांची. पुण्याचा खजिना कर्जाने पोखरलेला असल्याने निघताना सोबत द्रव्य बेताचेच होते. बाकीचा पैसा उत्तरेतल्या येणेबाकीतून उभा करावा, अशी योजना. दत्ताजींना पाठवतानाही नानासाहेबांनी हेच काम सांगितले होते. म्हणजे मोहिमेचा खर्च भागणार होता तो रजपूत राजांकडील थकलेल्या खंडण्यांतून, अंतर्वेदीच्या वसुलातून आणि बुंदेलखंडाच्या भरण्यातून. जमेची बाजू सगळी येणे. नावेची बाजू सगळी रोख. इब्राहिमखानाच्या आठ-नऊ हजार गारद्यांना महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा लागे. ते मोकाशावर जगणारे लोक नव्हते.

इथे गोविंदपंत बुंदेल्यांची ओळख करून द्यायला हवी. हे मूळचे रत्नागिरीकडील नेवऱ्याचे खेर. छत्रसालाने बाजीरावांना दिलेल्या वाट्याची व्यवस्था यांच्याकडे आली. सागर त्यांनी नांदते केले, काल्पी-जालवणपासून अंतर्वेदीपर्यंतचा वसूल त्यांच्या हाती. पुण्यात त्यांच्या हिशेबाविषयी आधीपासून कुजबूज होती. भाऊ चंबळ ओलांडून पुढे सरकले तशी त्यांची पत्रांमागून पत्रे या वृद्ध मामलेदाराकडे जाऊ लागली. पैसा पाठवा, इटाव्याजवळ यमुनेवर होड्या जमवा, शुजाउद्दौल्याला अब्दालीकडे जाऊ देऊ नका. होड्या जमल्या नाहीत. यमुना दोन्ही थड्या भरून वाहत होती. शुजा जुलैत अब्दालीला जाऊन मिळाला. पैसा आला तो तुटपुंजा आणि उशिरा. राजवाड्यांनी वाईस सापडलेली ही पत्रे १८९८ साली आपल्या साधनांच्या पहिल्या खंडात छापली, तेव्हापासून गोविंदपंतांच्या माथी जो दोष बसला तो पुरता उतरलेला नाही.

मला हा दोष अर्धाच पटतो. गोविंदपंत पैसा देणार कोठून? अंतर्वेदीतला जमीनदार सारा भरतो तो उद्या कोणाचे राज्य असेल ते पाहून. गंगेच्या थडीला अब्दाली तळ देऊन बसलेला, नजीबखान रोहिल्याचे लोक गावोगाव फिरताहेत, अशा वेळी मराठ्यांचा कमाविसदार दारात आला तर तो जमीनदार चार दिवसांनी या म्हणणार. रजपूत राजांनी तेच केले. दोन्ही बाजूंना गोड पत्रे आणि कोणालाही रुपया नाही. भरणा थकतो तो नेहमी दारिद्र्यामुळे थकतो असे नाही. पुष्कळदा थकबाकी हे देणेकऱ्याने गुपचूप दिलेले मत असते. आमच्या गावच्या सप्ताहाच्या पट्टीतही हेच दिसते. पारावर सगळे होकार देतात. मग जो तो शेजाऱ्याने भरली का ते पाहतो, आणि आचाऱ्याचे पैसे शेवटी ज्याच्या हाती वही त्याला पदरचे घालावे लागतात.

ही रीत गावपट्टीपुरती किंवा अठराव्या शतकापुरती आहे असेही नाही. भाऊ दिल्लीकडे निघाले त्याला बरोबर दोनशे वर्षे होत असताना, १९६० च्या जुलैत संयुक्त राष्ट्रसंघाने काँगोत फौज धाडली. संघाच्या सनदेप्रमाणे खर्च सर्व सभासद राष्ट्रांनी नेमून दिलेल्या हिश्शाने सोसायचा. दोन वर्षांइतकी बाकी तुंबली तर आमसभेतले मत जाते. पण काँगोची मोहीम रशिया आणि फ्रान्स यांना मान्य नव्हती, त्यांनी हिस्सा दिला नाही. सरचिटणीस हॅमरशोल्ड त्याच कामात १९६१ च्या सप्टेंबरात विमान कोसळून गेले. तोवर तिजोरीत खडखडाट होता. वीस कोटी डॉलरचे रोखे काढायचे ठरले. जागतिक न्यायालयाने १९६२ मध्ये हा खर्च संघाचाच असल्याचा अभिप्राय दिला, तरी थकलेले थकलेच. १९६४ चे अधिवेशन मतदान टाळून कसेबसे रेटावे लागले, कारण मतदान घेतले तर रशियाचे मत काढून घ्यायचे की नाही हा प्रश्न उभा राहिला असता. त्या काँगोत भारताचे जवान लढत होते. कॅप्टन गुरुबचनसिंग सालारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे कामी आले. पैसा अडवणारे आपापल्या राजधानीत होते. अलीकडे, २०२५ च्या ऑक्टोबरात, याच संघाने पैशाअभावी आपल्या शांतिसेनेचा सुमारे चौथा हिस्सा कमी करण्याचे ठरवले. भाऊसाहेबांना यातले काही नवे वाटले नसते.

असो. आपण दिल्लीस जाऊ. ऑगस्टच्या आरंभी भाऊंनी ती घेतली. विजय झाला, पण दिल्लीत होते काय? नादिरशहाने, अब्दालीने, खुद्द वजिराने तिला आधीच धुऊन नेले होते. फौजेचे पगार चढलेले, बाजार उधार द्यायला तयार नाही. तेव्हा दिवाण-ई-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. सुमारे नऊ लाख निघाले आणि महिनाभराची निकड भागली. त्यापायी जो तोटा झाला तो रुपयांत मोजता येत नाही. सुरजमल जाट आधीच नाराज होता. जड सामान, बायकामुले आणि यात्रेकरू मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे ही त्याची आणि मल्हाररावांची सल्लामसलत भाऊंनी मानली नव्हती. दिल्लीच्या बंदोबस्तावरूनही बिनसले. चांदीच्या प्रकरणाने शेवटची दोरी तुटली आणि तो निघून गेला. इथे भाऊंची बाजू मला घेता येत नाही. येणे वसूल होत नसेल तर खर्च आवरावा, हे ज्याने दहा वर्षे इतरांना शिकवले त्याने लढणाऱ्यांहून अधिक न लढणारी तोंडे शेवटपर्यंत बरोबर बाळगली. उदगिरीचा विजय डोक्यात गेला होता म्हणा, किंवा एवढ्या लोकांना वाटेत सोडायचे कोठे हा पेच होता म्हणा.

पलीकडे अब्दालीची स्थिती खरे तर फारशी बरी नव्हती. फरक इतकाच की त्याच्या बाजूला एक नजीबखान होता. बाकीचे काही देवोत न देवोत, नजीब धान्य पुरवी, पैसा जमवी, रोहिल्यांना धरून ठेवी. अशा मंडळात सगळ्यांनी थोडेथोडे देण्यापेक्षा एकाने जीव ओतून देणे पुष्कळदा कामी येते. भाऊंकडे नजीब नव्हता.

१७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतले. तेथे धान्य आणि रोकड दोन्ही सापडली. मोहिमेत पोटभर मिळाले ते त्या काही दिवसांतच. पण महिना संपायच्या आत अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दिल्ली आणि भाऊ यांच्यामध्ये येऊन बसला. मग पानिपतास खंदक खणून अडीच महिने. पतियाळाच्या आलासिंगाकडून आरंभी काही धान्य येई. ती वाटही हळूहळू बंद झाली. गोविंदपंतांनी या काळात जे केले ते मात्र त्यांच्यावर खापर फोडणाऱ्यांनी विसरू नये. त्यांनी अंतर्वेदीत शिरून अब्दालीकडे जाणारी रसद तोडली आणि त्याच्या छावणीतही धान्य महाग करून सोडले. डिसेंबरच्या उत्तरार्धात अताईखानाच्या स्वारांनी त्यांना बेसावध गाठले. म्हातारे गृहस्थ, धड पळताही आले नाही. त्यांचे शिर अब्दालीने भाऊंकडे पाठवले. ज्यांच्या नावे सर्वांत मोठी येणेबाकी मांडली जाते, त्यांनी ती अशी चुकती केली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली एक हकीगत मला लढाईहून अधिक चटका लावते. दिल्लीहून नारोशंकरांनी काही शे स्वारांबरोबर खजिना रवाना केला. एकाच ठिकाणी ओझे नको म्हणून दर स्वाराकडे पाचशे रुपयांची थैली दिली होती. रात्रीचा काळोख, थंडी, धुके. वाट चुकून ते स्वार आपली छावणी समजून अब्दालीच्या छावणीत शिरले आणि मराठी बोलू लागले. थोडे वाचले, पैसा सगळा गेला. इतक्या महिन्यांच्या तगाद्यांनंतर भरणा निघाला, आणि तो शत्रूच्या घरी जमा झाला.

१३ जानेवारीस लोक भाऊंच्या डेऱ्याशी आले. दोन दिवस पोटात अन्न नव्हते; उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे त्यांचे म्हणणे पडले. दुसरा दिवस १४ जानेवारी १७६१. दुपारपर्यंत पारडे आपल्याकडे झुकलेले होते असे दोन्हीकडचे लिहिणारे सांगतात. पुढचे आपल्याला पाठ आहे. ज्या सुरजमलाचे भाऊंशी फाटले होते त्यानेच नंतर पळून आलेल्या हजारो मराठ्यांना अन्नवस्त्र दिले. हा खर्च त्याच्याकडे कोणी मागितलेला नव्हता. नानासाहेब २३ जूनला पर्वतीवर वारले. ते मोठे कर्ज मागे ठेवून गेले, आणि ते फेडण्याचे काम माधवरावांच्या तरुण खांद्यावर आले.

विजयी अब्दालीचेही ऐकण्यासारखे आहे. दिल्ली हाती, मराठे मोडलेले, तरी तो मार्चातच परत फिरला. त्याच्या लोकांचा पगार दोन वर्षे थकला होता आणि ते पुढे एक पाऊल टाकायला तयार नव्हते.

भाऊसाहेबांचे शव सापडले, त्याला अग्नी दिला गेला. पण पुण्याने ते मनापासून कधी मानलेच नाही. १७७६ साली सुखलाल नावाच्या कनोजी ब्राह्मणाने भाऊंचे सोंग घेतले, तेव्हा कोकणातले किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. अखेर त्याला पकडून देहान्त दिला. पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. भाऊ परत येतील या भरवशावर त्या आणखी सात वर्षे राहिल्या, आणि १७८३ मध्ये वारल्या.